शिवालिकचे रान आणि गोठ्याचे दार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नॉलेज सिटी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या महोत्सवी व्याख्यानासाठी विषय कोणता घ्यावा याची कार्यकारिणीने आम्हांला पूर्ण मोकळीक दिली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी मायभूमीच्या आठवणी निघाव्यात हे साहजिकच आहे. परंतु ज्या भूमीचे अन्नपाणी मंडळाने पन्नास वर्षे घेतले, जिच्यावर आपली मुलेबाळे लहानाची मोठी झाली, त्या भूमीच्या रानाची, पाखरांची आणि ओढ्यानाल्यांची विचारपूस करणे हेही मंडळाचेच कार्य होय, अशी आमची समजूत आहे. म्हणून शिवालिकच्या रानाविषयी, आणि ते राखण्यासाठी येथे झालेल्या दोन प्रयत्नांविषयी, चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आपण जेथे जमलो आहोत ती ही नॉलेज सिटी म्हणजे मोहालीच्या ८१ व्या सेक्टरातील ज्ञानसंस्थांची वसाहत. विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था अर्थात आयसर येथे २००७ साली स्थापन झाली. तिच्या शेजारी कृषि-अन्न जैवतंत्रज्ञानाची आणि नॅनो विज्ञानाची अशा आणखी दोन राष्ट्रीय संस्था आहेत. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे या संस्थांच्या निमित्ताने इकडे आली. पाऊस पडून हवा निवळली की येथून ईशान्येला डोंगरांची निळसर रांग दिसू लागते. तिच्या पायथ्याशी पुढे आलेल्या बुटक्या, झाडाझुडपांनी भरलेल्या टेकड्या म्हणजेच शिवालिक. मागच्या उंच पर्वतांकडे सर्वांचे लक्ष जाते आणि या टेकड्या मात्र दुर्लक्षित राहतात. आमचा आजचा विषय त्या टेकड्यांचा आहे.

सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या मराठी माणसाला डोंगर म्हटला की काळा कातळ आठवतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेला लाव्हारस थिजून तो कातळ झाला. पावसाच्या धारांना तो सहजासहजी दाद देत नाही. शिवालिकची जात निराळी आहे. हिमालयातून निघालेल्या नद्यांनी युगानुयुगे वाहून आणलेली माती, वाळू आणि गोटे यांचे थर साचले, पुढे ते वर उचलले गेले आणि त्यांच्या या टेकड्या झाल्या. एकाचा पिंड अग्नीचा, तर दुसऱ्याचा पाण्याचा. जे पाण्याने आणले ते पाणीच परत नेऊ पाहते. टेकडीवरचे गवत आणि झाडोरा नाहीसा झाला की एकेका पावसाळ्यात मातीचे लोट खाली येतात. वर्षातले बहुतेक दिवस कोरडे आणि पावसाळ्याचे काही तास उन्मत्त असे जे ओढे येथे वाहतात त्यांना पंजाबीत ‘चो’ म्हणतात. या चोंनी होशियारपुरकडची शेते वाळूखाली गाडली, म्हणून इंग्रज सरकारला १९०० साली चराई व तोड यांना आळा घालणारा खास कायदा करावा लागला. त्या कायद्याच्या मूळ नावातसुद्धा ‘चो’ हा शब्द आहे.

अशा या ठिसूळ भूमीवर जे रान टिकून आहे ते मात्र मोठे देखणे आहे. आपल्या ओळखीचा खैर येथे आहे, पळस आहे, बहावा आहे, सावर आहे. वैशाखात बहाव्याचे पिवळे झुंबर लोंबू लागले की आपण विदर्भात आहोत की पंजाबात, असा क्षणभर संभ्रम पडावा. सुखना तलावामागील सुमारे २६ चौरस किलोमीटरचे रान १९९८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात सांबर, चितळ, रानडुक्कर, कोल्हा व खवले मांजर यांचा वास आहे, आणि मोर तर पुष्कळच. सह्याद्रीत आपण राखी रानकोंबडा पाहतो. येथे त्याचा तांबडा भाऊबंद आरवतो, आणि जगातील यच्चयावत पाळीव कोंबड्यांचे कूळ मुख्यत्वे याच तांबड्या रानकोंबड्यापाशी पोचते.

हिवाळ्यात हिमालय ओलांडून सुखनावर पाणपक्षी उतरतात. त्यांत काळ्या अंगाचा, कपाळी शुभ्र टिळा असलेला एक पक्षी आहे. आपल्याकडे त्याला चांदवा म्हणतात, आणि वारकरी हेही त्याचे नाव आहे. कार्तिकीच्या सुमारास यावे आणि उन्हे तापू लागली की परत फिरावे, असा त्याचा नेम. आपल्या मुलांना पंढरीची वाट दूरची झाली असली तरी सुखनाच्या काठी उभे राहून हे वारकरी त्यांना दाखविता येतात, हे काय थोडे झाले?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चंडीगढ वसविताना १९५८ साली सुखना चो अडवून हा तलाव करण्यात आला. नगररचनाकार ल कॉर्ब्युझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची ती योजना. नगरीला शोभा आली, परंतु शिवालिकने आपला स्वभाव सोडला नाही. दर पावसाळ्यात गाळ येऊन साचू लागला, आणि दीड-दोन दशकांतच तलावाचा फार मोठा भाग त्याने व्यापला. गाळ उपसण्याचे उपाय होत राहिले, नागरिकांनी श्रमदानही केले. पण उपसलेल्या जागी पुढच्या वर्षी नवा गाळ हजर. हा गाळ येतो कोठून याचा शोध घेण्याचे काम चंडीगढच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र यांच्याकडे आले. शोध घेत ते वर चढले आणि पिंजोरजवळच्या सुखोमाजरी या साठेक घरांच्या खेड्याशी पोचले.

खेडे दरिद्री होते. पावसाच्या भरवशाची थोडी शेती, आणि पोट भरत नाही म्हणून शेळ्या व गुरे. ती गुरे टेकड्यांवर मोकाट चरत, गवताचे पाते वर येण्याआधीच खुडले जाई, आणि उघडी पडलेली माती थेट सुखनात उतरे. नगरीच्या तलावाचा प्रश्न असा एका खेड्याच्या गोठ्यात जाऊन पोचला. तेथे पहारेकरी ठेवणे, दंड करणे, हे १९०० च्या कायद्यानंतर पाऊणशे वर्षे चाललेलेच उपाय होते, आणि त्यांचे फळ समोर दिसत होते. उपाशी माणसाला टेकडी राख म्हणून सांगणाऱ्याने आधी त्याच्या जनावराच्या चाऱ्याची सोय लावावी लागते.

१९७६ साली सुखोमाजरीत मातीचा पहिला बांध पडला. ओहोळ अडले, पाणी साठले, आणि त्या पाण्याने खालच्या शेतातील गहू तरला. मग गावकऱ्यांशी करार झाला तो असा : टेकड्यांवर मोकाट चराई करावयाची नाही, जनावरे गोठ्यात बांधून चारा कापून आणावयाचा, आणि त्याच्या बदल्यात बांधाच्या पाण्यात प्रत्येक घराला सारखा वाटा मिळावयाचा. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा, आणि तो त्याने हवे तर दुसऱ्यास द्यावा. या समतेत सगळी मेख होती. वाटा फक्त जमीनदाराला मिळता, तर भूमिहीनाच्या शेळ्या टेकडीवरून कोणत्या न्यायाने खाली आणता आल्या असत्या? वाटा सर्वांना मिळाला, तेव्हा राखणही सर्वांनी केली. कुंपण न घालता टेकडी राखली गेली. शेळ्या कमी झाल्या, त्यांच्या जागी म्हशी आल्या, दुधाचे पैसे घरात येऊ लागले. टेकड्यांवर गवत माजले आणि खैर वर आला. दोर वळावयास व कागदाच्या लगद्यास उपयोगी पडणाऱ्या भाबड गवताचे उत्पन्न गावाच्या संस्थेकडे येऊ लागले, आणि सुखनाकडे जाणारा गाळ घटला.

ही हकीकत ऐकताना आपल्यापैकी पुण्याकडच्या मंडळींना पुरंदर तालुक्यातील नायगाव आठवल्यावाचून राहणार नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवावा, आणि भूमिहीनालाही तो द्यावा, असा त्यांचा दंडक होता. एकाच दशकात, हजार-दीड हजार किलोमीटरांच्या अंतरावर, दोन निरनिराळ्या मातींत एकच विचार रुजला. न्याय्य वाटणी ही संरक्षणाची पहिली पायरी आहे, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

सुखोमाजरीचे पुढचे दिवस सगळेच सुखाचे गेले असे मात्र नाही. बांधांत गाळ साचला, गवताच्या उत्पन्नातील शासकीय वाट्यावरून व करांवरून कुरबुरी झाल्या, नव्या पिढीची नजर शेतीवरून नोकरीकडे वळली. रान एकदा राखून कायमचे राखले जात नाही. घर झाडावे तसे ते दर पिढीला नव्याने राखावे लागते. संस्था चालविणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

आता दुसरा प्रयत्न. सुखोमाजरीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, पिंजोरजवळ बीर शिकारगाह नावाचे रान आहे. नावाप्रमाणे एके काळी तेथे शिकार चाले. आज त्याच रानात गिधाडांचे प्रजननकेंद्र आहे. ते चालविणाऱ्यांत हरियाणाच्या वनखात्याबरोबर आहे १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली आपली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. मुंबईच्या संस्थेने शिवालिकच्या पायथ्याशी असे बिऱ्हाड का थाटावे, ते सांगण्याजोगे आहे.

गिधाड हा पक्षी आपल्या प्रेमातला नव्हे. भाषेतही आपण त्याचा उपयोग शिवीसारखा करतो. आणि तरीही जटायूपुढे आपण हात जोडतो. नाशिक जिल्ह्यातील सर्वतीर्थ टाकेद हे त्याच्या अखेरीचे स्थान म्हणून लोक मानतात. वंदनीय मानलेल्या त्या कुळाची आपल्या डोळ्यांदेखत काय अवस्था झाली? पांढऱ्या पाठीचे गिधाड १९८० च्या सुमारास इतके विपुल होते की त्याची मोजदाद करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत, भारतात केलेल्या गणनांवरून, त्यांपैकी ९९.९ टक्के नाहीसे झाले. हजारात एक उरले. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास होती. मुंबईच्या मलबार हिलवरील पारशी बांधवांच्या दख्म्यांवरचे आकाशही रिते झाले.

कारण बराच काळ उमगेना. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम नोंदविली. रोग असावा असा तर्क चालला. अखेर २००४ साली सीमेपलीकडील पंजाबात झालेल्या संशोधनातून उलगडा झाला. गुरांच्या वेदनेवर व सुजेवर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याचे कारण होते. औषध दिलेले जनावर लवकरच दगावले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की औषधाचा अंश त्यांच्या पोटात जातो, मूत्रपिंडे निकामी होतात, यूरिक आम्लाचे पांढरे स्फटिक आतड्यांवर, यकृतावर साचतात, आणि काही दिवसांत पक्षी मान टाकतो. शंभर मृत जनावरांत एखादे असे असले तरी सगळी प्रजाती संपण्यास ते पुरते, कारण एका जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. औषध टोचणाऱ्याच्या मनात वैर नव्हते. त्याने आजारी गाईची कणव केली होती. कणवेपोटी केलेल्या कृतीने एक कूळ नष्ट व्हावे, याहून दारुण ते काय?

पंजाबच्या गावांत मेलेली ढोरे टाकण्याच्या जागेला हड्डारोडी म्हणतात. गिधाडे होती तोवर तेथे तासाभरात हाडेच उरत. गिधाडे गेली आणि ती जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली, व त्यांच्या हल्ल्यांनी कित्येक गावे हैराण झाली. कुजणारे मांस, दूषित पाणी आणि पिसाळलेली कुत्री यांचा हिशेब मांडून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ नंतर वीस वर्षांनी, म्हणजे २०२४ साली, असा अंदाज प्रसिद्ध केला की गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात पाच वर्षांत सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली. ज्या पक्ष्याला आपण अशुभ म्हणत होतो तो आपल्या दारावरचा आरोग्यरक्षक होता.

पिंजोरचे केंद्र २००१ साली आजारी गिधाडांच्या शुश्रूषेसाठी निघाले आणि २००४ पासून तेथे प्रजननाचे कार्य सुरू झाले. हे काम किती चिकाटीचे आहे पाहा. गिधाड पाचेक वर्षांनी वयात येते आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. ते पहिले अंडे काढून उबवणी यंत्रात ठेवले तर जोडी पुन्हा एक घालते, आणि एकाच्या जागी दोन पिले मिळतात, ही युक्ती तेथे साधण्यात आली. गिधाडांना जे शेळीचे मांस घालावयाचे, ती शेळी आधी काही दिवस केंद्राच्या देखरेखीखाली ठेवतात, जेणेकरून तिच्या अंगात औषधाचा लवलेशही उरू नये. अशा निगराणीत ही संख्या काही वर्षांपूर्वी तीनशेच्या वर गेली. २०२० च्या ऑक्टोबरात पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे प्रथमच पिंजोरहून मोकळ्या आकाशात सोडण्यात आली.

आणि आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना ऊर भरून येतो. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची वीस गिधाडे महाराष्ट्रात नेण्यात आली. लांब चोचीची दहा पेंचला, पांढऱ्या पाठीची दहा ताडोब्याला. काही महिने तेथील हवापाण्याची सवय करून त्यांना सोडण्यात आले. पन्नास वर्षांपूर्वी आपले लोक विदर्भातून, कोकणातून, देशावरून पोटापाण्यासाठी इकडे आले. इकडे जन्मलेली ही पाखरे तिकडचे आकाश झाडण्यासाठी गेली. आम्हांला तरी या देवघेवीत मोठा अर्थ दिसतो.

परंतु आनंदाच्या भरात सत्य झाकू नये. त्यांतील काही पाखरे दगावली. ताडोब्यातून निघालेले एक गिधाड राज्यामागून राज्ये ओलांडीत थेट तामिळनाडूत पोचले आणि तेथे विजेच्या धक्क्याने मेले. पिंजऱ्यात शेकडो गिधाडे वाढविता येतील. पण बाहेरचे आकाश आणि बाहेरचे अन्न निर्धोक नसेल तर ती सोडावयाची कोठे? २००६ साली डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तेव्हा माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या. म्हणून २०१५ साली ती कुपी एका मात्रेची, तीन मिलिलिटरची करण्यात आली. मग ध्यानात आले की त्याच जातीची इतर औषधेही घातक आहेत. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड, यांवर जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक ठरलेले औषध उपलब्ध आहे. कायदा आपले काम करीत आहे. पण कायदा राजधानीत होतो, आणि सुई गोठ्यात टोचली जाते. सुखोमाजरीने जे शिकविले तेच येथे पुन्हा समोर येते. शिवालिकचे रान वनखात्याच्या नाक्यावर राखले जात नाही, ते गोठ्याच्या दारात राखले जाते.

आपण शहरवासी, आपल्याला गोठा कोठला, असे कोणी म्हणेल. बंधुजनहो, मोहालीत आणि चंडीगढात आपल्या चुलीवर रोज सकाळी जे दूध तापते ते कोणत्या तरी गोठ्यातूनच येते. त्या दुधाच्या वाटेने आपण त्या गोठ्यापर्यंत पोचू शकतो. दूधवाल्याशी आपले बोलणे रोजचे आहे. त्याची म्हैस आजारी पडली तर कोणते इंजेक्शन देतात, मेलॉक्सिकॅम देता येते हे त्याला ठाऊक आहे का, एवढे विचारण्यास पैसा लागत नाही. ज्या गोशाळांना आपण दान देतो त्यांच्या चालकांना हाच प्रश्न आदराने विचारता येईल. आपल्यात पशुवैद्य आहेत, रसायनशास्त्रज्ञ आहेत, औषधनिर्मितीतील जाणकार आहेत. त्यांनी या औषधांविषयी गुरुमुखीत आणि हिंदीत एक पानभर माहिती सिद्ध केली, आणि मंडळाने ती आसपासच्या गावांत वाटली, तर सुवर्णमहोत्सवाचे याहून उचित स्मारक आम्हांला सुचत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या लोकांनी गिधाडांच्या घरट्यांची झाडे राखली आणि तेथे पिले वाढली. खेडूत जे करू शकले ते आपल्याला अशक्य का असावे?

मुलांनाही या कामात घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यांना हिवाळ्यात सुखनावर न्यावे, पावसाळ्यात चो वाहताना दाखवावा, पाण्याचा तांबूस रंग कशाचा ते सांगावे. शिवालिकची माती हातात घेऊन चुरडली की ती किती सहज भुरभुरते हे त्यांना कळेल, आणि सह्याद्रीचा दगड का टिकतो हेही. दोन्ही डोंगर त्यांचे आहेत. एक वारशाने आलेला, दुसरा सहवासाने जोडलेला. वारशाचे प्रेम आपोआप लाभते. सहवासाचे प्रेम मात्र सेवेने सिद्ध करावे लागते.

 मंडळाच्या शताब्दीच्या सभेस जे उपस्थित राहतील त्यांना या टेकड्यांवरील आकाशात गिधाडांच्या घिरट्या दिसोत, आणि त्याचे त्यांना काहीच नवल न वाटो, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.